रविवारी येतो म्हणाला होता

धम्मपाल गेल्यापासून प्रेमानंदांना एका जागी बसवत नव्हतं. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. निवृत्त झाले तेव्हा, आता पाय पसरून बसणार, असं सगळ्यांना सांगत सुटले होते. वर्षाच्या आत सव्वीस वर्षांचा एकुलता एक मुलगा डेंग्यूच्या तापात हातचा गेला, आणि ह्यांच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी केशवापूरच्या घरातून निघायचे, स्टेशनापर्यंत जायचे, तिथून उगाच बाजारात शिरायचे, काही न घेता परत यायचे. घरी आले की घोटभर पाणी प्यायचे, दाराची कडी हलवून बघायचे, चालू असलेला पंखा बंद करून पुन्हा चालू करायचे आणि परत चपला पायात सरकवायचे.

दुर्गव्वाचं, त्यांच्या बायकोचं, उलट होतं. ती खिडकीपाशी बसली की बसलीच. दोघं एकमेकांना जेवायला वाढत, औषधाची आठवण करून देत, पण मुलाचं नाव दोघांच्याही तोंडी येत नसे.

नाव यायचं ते लोकांच्या तोंडी. धम्मपाल देशपांडे नगरातल्या एका सर्जिकल सामानाच्या दुकानात कामाला होता. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, रुग्णांचे पलंग दुरुस्त करायचा. पण त्याचं डोकं दुकानापुरतं थांबत नव्हतं. कुणाची अडचण दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. शेजारच्या सखूबाईला ऐकू येत नव्हतं, तर तिच्या दाराची घंटा दाबली की स्वयंपाकघरात दिवा लागेल अशी सोय त्यानं करून दिली. गल्लीतल्या नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नसायचा, तर नळाच्या तोंडाला त्यानं शिट्टी बसवली. पाण्याच्या आधी पाइपातली हवा सुटायची, शिट्टी वाजायची आणि बायका घागरी घेऊन धावायच्या.

त्याच्या दुसऱ्या स्मृतिदिनाला विहारात कार्यक्रम झाला. मंडळाचे अध्यक्ष गणपतराव बोलायला उभे राहिले. "असा मुलगा शंभर वर्षांत एखादा जन्माला येतो," ते म्हणाले. "कधी कुणाला उलट बोलला नाही. कधी दिलेला शब्द मोडला नाही. धम्मपाल म्हणजे करुणेची मूर्ती होता." लोकांनी माना डोलावल्या. हार घातलेल्या फोटोत स्टुडिओवाल्यानं त्याला गोरा करून टाकला होता आणि हनुवटीवरचा व्रण पुसून काढला होता.

पहिल्या रांगेत बसलेले प्रेमानंद फोटोकडे बघत राहिले. हे कुणाबद्दल बोलताहेत? त्यांनी मुलाचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. चिडलेला, 'अप्पा, तुम्हाला काही कळत नाही' म्हणणारा. आवाज येईना. यायची ती मूर्ती. भाषण चालू असतानाच ते उठले आणि बाहेर पडले. लोकांना वाटलं, बापाला सोसवलं नाही. ते गोल फिरून तास-दीड तासानं घरी आले तेव्हा दुर्गव्वा खिडकीशी बसलेली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी धम्मपालचा फोन वाजला.

तो फोन प्रेमानंदांनी चालू ठेवला होता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हल्ली त्यावर कंपन्यांचे निरोप सोडून काही येत नसे. आज मात्र पडद्यावर नाव होतं, 'रायापूर अज्जी'.

"धम्मपाल?" पलीकडून वयस्कर बाईचा ठसक्यातला आवाज आला. "अरे, रविवारी येतो म्हणून गेलास. मीही हट्टानं फोन केला नाही, दोन वर्षं झाली की रे. कुठला रविवार म्हणायचा हा?"

"मी... त्याचा अप्पा बोलतोय."

"मग बरंच झालं. तुम्हालाच सांगते. आम्ही घराचं रंगकाम काढलंय. तुमच्या चिरंजिवांनी अर्धी करून ठेवलेली खुर्ची व्हरांड्यात वाट अडवून बसलीय. नीट करून दे म्हणावं, नाही तर उचलून ने. द्या त्याच्याकडे फोन."

"तो बाहेर आहे."

"असणारच. त्याला बरोबर कळतं, कधी बाहेर असावं ते."

खरं सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. ते वाक्य लोकांना सांगून सांगून त्यांच्या तोंडात बसलं होतं. पण ही बाई त्याच्यावर चिडली होती. जिवंत, धडधाकट, कामचुकार पोरावर चिडावं तशी चिडली होती. असं त्याच्याबद्दल कुणी बोललेलं ऐकून दोन वर्षं लोटली होती.

"मीच येतो," प्रेमानंद म्हणाले. "मला जमतं तसलं काम."

दुर्गव्वाला त्यांनी 'जरा जाऊन येतो' एवढंच सांगितलं, हत्यारांची पिशवी उचलली आणि धारवाडकडे जाणारी 'चिगरी' ही जलद बस पकडली. बस निम्मी रिकामी होती, तरी ते रायापूर येईपर्यंत दांड्याला धरून उभेच होते.

बाईंचं नाव हेमावती. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. नवरा बाळाचार्य, धारवाडच्या कोर्टात नावाजलेला वकील. तीन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वकिलाची वाचा गेली. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा यायचा. बसलेल्या माणसाला उठवताना हेमावतींची कंबर मोडायची बाकी राहिली होती. दुकानात त्या उठवणारी खुर्ची बघायला गेल्या, तेव्हा धम्मपालनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अज्जी, ही घेऊ नका. घरात एखादी भक्कम खुर्ची असेल ना? तिचीच करून देतो."

खुर्ची सागवानी होती. पुढच्या कडेला बिजागरी घालून धम्मपालनं बैठक उचलती केली होती आणि खाली स्कूटरचे दोन शॉकअब्सॉर्बर बसवले होते. हाताशी सायकलच्या ब्रेकची मूठ. ती दाबली की खटका सुटायचा आणि स्प्रिंगच्या जोरानं बैठक मागून वर यायची. कल्पना झकास होती. प्रेमानंदांनी खाली वाकून बघितलं आणि ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"एवढं काय बघताय?" हेमावतींनी चहाचा कप समोर ठेवत विचारलं. "आधी ऐका तरी काय झालं ते. पहिल्याच दिवशी यांना बसवलं, मूठ दाबली आणि खुर्चीनं यांना उचलून सरळ पलंगावर फेकलं. मी किंचाळले. आणि हे पलंगावर पडून हसताहेत. आजारपणानंतर पहिल्यांदा. तोही उभा राहून हसतोय. मी असा झापलाय म्हणता त्याला."

"स्प्रिंग जोरकस झालीय," प्रेमानंद म्हणाले. "आजारपणात यांचं वजन उतरलं असणार, ते त्यानं धरलं नाही."

"धरलं नाही म्हणजे, विचारलंच नाही. विचारायची पद्धतच नाही त्याच्यात. आमचा मिक्सर चांगला चालत होता, तो आवाज करतो म्हणून खोलून ठेवला. जोडल्यावर दोन स्क्रू उरले. म्हणतो, 'अज्जी, हे कंपनीनं जास्तीचे दिले होते.' आणि खाणं! दिवाळीच्या चकल्या मी डब्यात वर ठेवल्या होत्या. बोलता बोलता निम्मा डबा संपवला."

प्रेमानंद हसले. घशातून निघालेल्या त्या आवाजाचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"हसताय काय?"

"तुमचं बरोबर आहे. घरी पण असंच करायचा."

"करायचा? मग आता सुधारला म्हणायचा. लग्न झालं वाटतं?"

"नाही," ते म्हणाले आणि पाना हातातून निसटला तो उचलायला वाकले.

बैठकीच्या खाली लाकडात दोन भोकं बुजवलेली होती आणि त्यांच्याशेजारी बोटभर अंतरावर नवी पाडलेली होती. माप न घेता आधी भोक पाडायचं, चुकलं की पुट्टी भरून बुजवायचं आणि शेजारी दुसरं पाडायचं. ह्यावरून बापलेकांची किती वेळा जुंपली होती. प्रेमानंदांनी त्या पुट्टीवरून अंगठा फिरवला आणि एकदम त्यांना तो ऐकू आला. 'अप्पा, भोक बुजवता येतं. डोक्यातलं गेलं की येत नाही परत.' चिडका, घाईतला आवाज, जसाच्या तसा.

काम त्यांच्या लक्षात आलं होतं. मोटारीच्या डिकीचं दार सावकाश वर जातं, त्याचे दांडे असतात. तसले दोन भंगारातून आणून बसवायचे, की झालं. तास-दोन तासांचं काम. पण त्यांनी पिशवी आवरली आणि म्हणाले, "सामान आणावं लागेल. पुन्हा येतो."

"कधी?"

"रविवारी," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

हेमावतींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "तुमच्या घरात रविवार हा वारच लबाड दिसतोय."

दांडे त्यांना दुसऱ्याच दिवशी मिळाले. रविवारची वाट न बघता ते गुरुवारी पुन्हा रायापूरला गेले. एक दांडा बसवला, दुसरा मुद्दाम ठेवून दिला. हेमावती बोलत होत्या, ते ऐकत होते. धम्मपालनं त्याच्या अज्जांना, बाळाचार्यांना, बुद्धिबळात कसं हरवलं आणि मग चाल परत घ्यायला लावून पुन्हा कसं हरवलं. फरशीवर तेल कसं सांडलं. प्रत्येक तक्रारीनं त्यांना आणखी हवंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी कुणी खांद्यावर हात ठेवून 'चला बाहेर' म्हणेल अशी धाकधूकही वाटत होती.

निघताना बाळाचार्यांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "पोरगा... बरा?"

"बरा आहे," प्रेमानंद म्हणाले.

हे मात्र त्यांना पचलं नाही. बसमध्ये ते पुढून मागे, मागून पुढे सरकत राहिले. एक स्टॉप आधीच उतरले आणि उन्हातून तरातरा चालत घरी आले. चोरी करून आल्यासारखे.

दुर्गव्वा उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "कुठं जायलाय तुम्ही हल्ली?"

"असंच."

"पिशवी घेऊन? हाताला ग्रीस लागलंय."

प्रेमानंद तिच्यासमोर खाली बसले. "रायापूरला एक बाई आहे. धम्मपालला शिव्या घालते."

दुर्गव्वाचे हात थांबले. दोन वर्षांनी ते नाव त्या घरात उच्चारलं गेलं होतं. ती रागावेल असं त्यांना वाटलं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "काय म्हणते?"

त्यांनी चकल्यांचं सांगितलं.

"अजून?"

मिक्सरचं सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. हसते की रडते ते कळेना.

"अजून काय म्हणाली?"

मग त्यांनी खुर्चीचं सांगितलं, पलंगावर जाऊन पडलेल्या म्हाताऱ्याचं, धम्मपाल त्याला अज्जा म्हणायचा ते. ते ऐकून दुर्गव्वाचा चेहरा असा काही बदलला, की प्रेमानंद घाबरले.

"अज्जा म्हणायचा?" ती म्हणाली. "पडला होता तो अज्जा?"

"का गं?"

"तापात तो सारखा अज्जा, अज्जा करत होता. तुम्ही औषधं आणायला पळत होता, तुम्हाला माहीत नाही. 'अव्वा, अज्जा पडतो, धर त्याला.' मला वाटलं, माझा बाप दिसायलाय त्याला. माझा मेलेला बाप माझ्या लेकराला न्यायला आलाय." तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "दोन वर्षं मी बापाच्या फोटोकडं बघितलं नाही. मनातल्या मनात त्याला काय काय बोलले. आणि हे पोरगं त्या खुर्चीचा विचार करत होतं होय?"

प्रेमानंद जुडीतली सुटलेली पानं वेचायला लागले. तिनंच विचारलं, "त्या बाईंना सांगितलंत ना, तो नाही म्हणून?"

ते हाताचं ग्रीस पुसायला लागले.

"सांगितलं नाही?"

"सांगितलं की ती पण सगळ्यांसारखं बोलायला लागेल. चांगला होता, गुणी होता. मला नको ते."

"मला पण नको. पण म्हणून त्यांना वाट बघायला लावायची? म्हातारा माणूस विचारतो आणि तुम्ही बरा आहे म्हणून येता. रविवारी मी येणार आहे तुमच्याबरोबर. मला त्या अज्जाला बघायचंय."

रविवारी दोघं गेले. हेमावतींनी दार उघडलं. "बर्री, बर्री, या. ह्या कोण?"

"धम्मपालची अव्वा," दुर्गव्वा म्हणाली.

"या की आत. आणि तो नाही आला?"

प्रेमानंदांनी तोंड उघडलं, पण दुर्गव्वा थांबली नाही. दारातच, चपला काढता काढता, तिनं सांगून टाकलं. "अक्का, तो नाही. तुम्हाला येतो म्हणाला त्या रविवारी दवाखान्यात होता. डेंग्यू झाला होता. बुधवारी गेला. दोन वर्षं झाली."

हेमावतींनी दाराची चौकट धरली. तिच्याकडे बघितलं, मग प्रेमानंदांकडे. त्यांचा चेहरा लाल होत गेला. "दोनदा येऊन माझ्या घरात बसलात तुम्ही. चहा प्यालात. मी त्या लेकराला नावं ठेवत होते आणि तुम्ही हसत होता. मला काय समजलात?"

"चुकलं माझं," प्रेमानंद म्हणाले.

"मी त्याच्या लग्नाचं विचारलं हो तुम्हाला."

"अक्का," प्रेमानंद म्हणाले, "सगळे त्याला देव करून बसलेत. देव नव्हता तो. ओला टॉवेल पलंगावर टाकायचा, उलट बोलायचा, दिलेली वेळ कधी पाळली नाही त्यानं. दोन वर्षांत मला हे कुणी आठवू दिलं नाही. तुम्ही आठवू दिलंत. तुमच्या शिव्या ऐकताना मला त्याचा आवाज ऐकू आला. म्हणून सांगवलं नाही."

हेमावती आत गेल्या. दोघं व्हरांड्यात उभे राहिले. निघून जावं की थांबावं कळेना. भिंतीला नव्या रंगाचा वास होता. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या, डोळे पुसलेले. "यांना सांगायचं की नाही?" त्यांनी विचारलं. "सोसेल का यांना?"

"मीच सांगतो," प्रेमानंद म्हणाले. "बरा आहे म्हणून मीच सांगितलंय."

बाळाचार्यांच्या पलंगाशी बसून त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून डोळे मिटले. डावा हात पलंगाच्या कडेवर आपटायला लागला, एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. दुर्गव्वा पुढे झाली आणि तिनं तो हात धरून ठेवला. "अज्जा, तो तापात तुमचंच नाव घेत होता," ती म्हणाली. "पडाल म्हणून काळजी करत होता." बाळाचार्यांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं.

प्रेमानंद खुर्चीपाशी गेले आणि दुसरा दांडा बसवला. साधा नट, पण तो दोनदा काढून पुन्हा लावला. बाळाचार्यांना खुर्चीत बसवायचं ठरलं, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. कुणी आग्रह केला नाही. पण वजन टाकून बघितल्याशिवाय काम पुरं होत नव्हतं, आणि प्रेमानंदांचं वजन म्हाताऱ्याच्या दुप्पट भरलं असतं.

"तू बस," ते बायकोला म्हणाले.

दुर्गव्वा बसली. पदर सावरून, गुडघे जुळवून, बसमध्ये अनोळखी माणसाशेजारी बसावं तशी. प्रेमानंदांनी मूठ दाबली. बैठक जराशी कचरली आणि मग सावकाश, कुणी मागून दोन्ही हातांनी उचलावं तशी, वर यायला लागली. दुर्गव्वा उभी राहिली. पुन्हा बसली आणि ह्या वेळी मूठ तिनं स्वतः दाबली.

बाळाचार्य पलंगावरून टक लावून बघत होते.

हेमावतींनी त्या दिवशी चहा केला, पण बोलल्या नाहीत. दुर्गव्वानं निघताना त्यांना म्हटलं, "अक्का, त्या चकल्यांचं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं मला."

"आज नाही व्हायचं माझ्याच्यानं," त्या म्हणाल्या. "पुन्हा या."

दोघं पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. तोवर बाळाचार्य खुर्ची वापरायला लागले होते. सकाळी उठून व्हरांड्यात बसायचे आणि मूठ दाबून आपले आपण उभे राहायचे. भिंतीला धरून चार पावलंही टाकायचे. हेमावतींचा राग पुरता गेला नव्हता. प्रेमानंदांशी त्या तुटक बोलत होत्या आणि बैठक कुरकुरते म्हणून दोनदा ऐकवलं त्यांनी. पण दुर्गव्वाला स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी तो मिक्सर दाखवला, आणि आत बराच वेळ दोघींचे आवाज येत राहिले. मध्येच हेमावतींचा चढलेला आवाज ऐकू आला. "अगं, कसला शहाणा? बशी फोडली आणि मांजरावर ढकललं. आमच्याकडे मांजर नाही."

परतीच्या चिगरीत दुर्गव्वा खिडकीशी बसली. प्रेमानंद नेहमीप्रमाणे उभे राहिले, मग तिनं बाही ओढली तेव्हा शेजारी टेकले.

"बशीचं खरं नसेल," ती म्हणाली. "खोटं नव्हता बोलत तो."

"सर्रास बोलायचा. दहावीला गणितात किती पडले ते तुला अजून माहीत नाही."

"किती पडले?"

"तुला सांगितले त्यापेक्षा कमी."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मला सांगितलं नाहीत? मी गल्लीत पेढे वाटले." ती खरोखर चिडली होती. "दोघं मिळून मला बनवत होता. हनुवटीवर लागलं ते तरी सायकलवरून पडून लागलं, का तेही तसलंच?"

प्रेमानंद सांगायला लागले. ती मध्ये मध्ये अडवत होती, तसं नाही, असं, त्या दिवशी मी घरी होते, तुम्ही कुठं होता. आवाज वाढला तशी पुढच्या सीटवरची मुलगी वळून बघायला लागली. त्यांचा स्टॉप आला, दार उघडलं, बंद झालं. बस पुढे निघून गेल्यावर ते दुर्गव्वाच्याच लक्षात आलं.

पुढच्या स्टॉपला उतरून दोघं मागे चालायला लागले. प्रेमानंद सवयीनं भरभर पुढे निघाले, वीसेक पावलांवर थांबले, ती जवळ येईपर्यंत उभे राहिले.

"मग?" ती धापा टाकत म्हणाली. "झाडावर चढायला सांगितलं कुणी त्याला?"